कच्चा खडा घेण्याआधी: आतून काय निघेल याचा हिशोब

कच्च्या खड्याचा भाव ग्रॅमवर बोलतात, त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की आपण वजन विकत घेतोय. त्या वजनातला बराचसा भाग मात्र साणेवर घासला जाऊन पाण्याबरोबर वाहून जाणार असतो. दहा ग्रॅम रफमधून, म्हणजे कच्च्या मालातून, पैलू पाडलेला अडीच ग्रॅम माल निघाला, तर कारागीर समाधानाने मान हलवतो. म्हणून रफ हातात आला की विचार आतून निघणाऱ्या खड्याचा करायचा. तो केवढा असेल, रंग कसा दिसेल, स्वच्छ असेल का आणि तयार झाल्यावर बाजारात काय भावाने जाईल? याची उत्तरं मिळाली की रफची किंमत तुमची तुम्हालाच काढता येते आणि विकणाऱ्याचा आकडा त्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

हे सगळं रंगीत खड्यांपुरतं आहे: गार्नेट, अ‍ॅमेथिस्ट, टूर्मलिन, अ‍ॅक्वामरीन, माणिक, नीलम, पाचू वगैरे. कच्च्या हिऱ्याची गोष्ट वेगळी आहे. २००३पासून किंबर्ली प्रक्रिया या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेमुळे कच्चा हिरा प्रमाणपत्राशिवाय एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही. मध्य प्रदेशात पन्नाच्या उथळ खाणींत सापडलेला हिरासुद्धा सरकारी हिरा कार्यालयात जमा होतो आणि लिलावात विकला जातो. तेव्हा रस्त्यात कोणी पुडी उघडून कच्चा हिरा दाखवू लागला, तर थांबूच नका.

सोबत काय न्यायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशात मावणारा काटा, छोटी पांढऱ्या उजेडाची टॉर्च, चिमटा, व्हर्नियर कॅलिपर, पाण्याची फवारणीची बाटली, मऊ कापड आणि कोरा पांढरा कागद. एवढ्यावर निम्म्याहून जास्त काम होतं. पुढे जमेल तशी दोन वस्तूंची भर घाला: डायक्रोस्कोप (खड्यातल्या छटा शेजारी शेजारी दाखवणारी छोटी नळी) आणि नियोडिमियमचं छोटं जोरदार चुंबक. दोन्ही स्वस्त आहेत आणि दोन्हींनी नवख्यांचे बरेच पैसे वाचवलेत. महागडी यंत्रं सुरुवातीला घेऊ नका. डोळा तयार झालेला नसेल तर यंत्राचं उत्तरही चुकीचं वाचलं जातं.

आधी जात ओळखा

लाल दिसतो म्हणून माणिक आणि हिरवा दिसतो म्हणून पाचू, ही या धंद्यातली सर्वांत महाग पडणारी समजूत आहे. रंगाकडे सर्वांत शेवटी बघायचं, आधी आकार बघायचा. स्फटिक पूर्ण वाढलेला असेल तर तो आपली ओळख स्वतःच सांगतो. गार्नेटचे दाणे बहुधा बारा चौकटी तोंडांचे, गोटीच्या आसपास जाणारे असतात. स्पिनेल दोन पिरॅमिड पायाला पाय लावून जोडल्यासारखा. पाचू आणि अ‍ॅक्वामरीन षट्कोनी कांडीच्या रूपात, वरचं टोक सपाट. टूर्मलिनची कांडी आडवी कापली तर फुगीर बाजूंचा त्रिकोण दिसतो आणि तिच्या अंगावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात. क्वार्ट्‌झच्या अंगावरच्या रेघा आडव्या जातात, ही खूण एकदा डोळ्यांत बसली की विसरत नाही. नीलम पिंपासारखा, मधे फुगलेला आणि टोकांकडे निमुळता असतो. माणिक बऱ्याचदा चपट्या षट्कोनी चकतीसारखा असतो आणि त्याच्या सपाट तोंडावर भिंगातून छोटे त्रिकोण दिसतात.

नदीच्या रेतीतून आलेल्या मालाचे कोपरे झिजलेले असतात, तिथे आकार फारसा मदतीला येत नाही. श्रीलंकेत रत्नपुराच्या भातशेतांखालचा इल्लम म्हणजे रत्नगर्भ वाळू-गोट्यांचा थर उपसून काढलेला माल असा असतो. त्याची दुसरी बाजू चांगली आहे. हजारो वर्षं आपटत, घासत आल्यामुळे भेगाळलेले भाग वाटेतच गळून पडलेले असतात, त्यामुळे गोटे आतून बऱ्याचदा जास्त धड निघतात.

आकाराने ओळख पटली नाही तर घनता मोजा. ही कसोटी मला सर्वांत प्रिय आहे, कारण ती घरच्या टेबलावर होते आणि खड्याला ओरखडाही उठत नाही. खडा कोरडा असताना वजन करा. मग काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. बारीक दोऱ्याने खडा पाण्यात पूर्ण बुडेल असा अधांतरी धरा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवतो ते खड्याचं घनसेंटिमीटरमधलं आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. ८ ग्रॅमच्या खड्याला पाण्यात २.०० आलं तर घनता ४, म्हणजे तो माणिक-नीलमच्या कुळातला असू शकतो. त्याच वजनाला ३.०२ आलं तर घनता २.६५, म्हणजे क्वार्ट्‌झ, मग रंग कितीही मोहक असो. पाचू आणि अ‍ॅक्वामरीन २.७च्या आसपास, टूर्मलिन ३.०६च्या जवळपास, पुष्कराजाच्या नावाने विकला जाणारा टोपाझ ३.५३, स्पिनेल ३.६, झिरकॉन ४.६च्या पुढे. खड्याला माती, अभ्रक किंवा मूळ दगड चिकटलेला असेल तर आकडा फसवा येईल. एक ग्रॅमपेक्षा लहान तुकड्यावरही भरवसा ठेवू नका.

एकच कसोटी कधीही पुरत नाही. लाल गार्नेटची घनता ३.८ ते ४.२पर्यंत जाते, म्हणजे माणकाच्या अगदी शेजारी. इथे डायक्रोस्कोप उपयोगी पडतो: माणकात शेजारी शेजारी दोन वेगळ्या छटा दिसतात, गार्नेट, स्पिनेल आणि काच एकच छटा दाखवतात. मात्र डायक्रोस्कोप फिरवून दोन-तीन दिशांनी बघा, कारण माणकातही एक दिशा अशी असते जिथे दोन छटा दिसत नाहीत. मग चुंबक. थर्मोकोलच्या तुकड्यावर खडा ठेवून तो पाण्यावर तरंगत सोडा आणि चुंबक जवळ न्या. लोहयुक्त लाल गार्नेट असेल तर थर्मोकोल चुंबकाकडे सरकू लागतो. माणिक तसं करत नाही. ओडिशातल्या कालाहांडी-बलांगीरकडच्या जांभळट लाल गार्नेटवर किंवा राजस्थानात टोंक जिल्ह्यातल्या राजमहलच्या गार्नेटवर हे करून पाहा. बघायला मजा येते आणि कायम लक्षात राहतं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. जळगाव, नाशिक, अहिल्यानगर, पुणे या भागांत विहीर खोदताना किंवा खडीच्या खाणीत काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमधून लखलखणारे स्फटिक निघतात. अ‍ॅपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही त्यांची नावं, आणि वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट तर जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. यातले बहुतेक पैलू पाडून अंगठीत बसवण्याइतके कठीण नाहीत. अ‍ॅपोफिलाइटची कठिणता १ ते १०च्या मोहस मोजपट्टीवर ४.५ ते ५ आहे, म्हणजे साध्या धुळीतल्या क्वार्ट्‌झच्या कणानेही त्यावर ओरखडे उठतात. यांची खरी किंमत दगडावर उभ्या असलेल्या अखंड स्फटिकाची असते. दगडापासून तोडून, पॉलिश करून कोणी "लोकल रत्न" म्हणून विकत असेल तर त्याने त्याची बरीच किंमत आधीच मोडून टाकलेली असते. तुमच्या शेतात असं काही निघालं तर घण बाजूला ठेवा, ब्रशने धुवा आणि टोकं शाबूत ठेवा.

खरा, पण निसर्गाचा आहे का?

फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हेर्नयने १९०२मध्ये ज्वालेत अ‍ॅल्युमिनाची पूड वितळवून माणिक वाढवण्याची पद्धत जाहीर केली. तेव्हापासून कारखान्यात बनलेलं माणिक आणि नीलम किलोने मिळतं. तो माल फोडून, ड्रममध्ये फिरवून, वर माती चोपडून नदीच्या गोट्यासारखा केला की घनता, कठिणता, डायक्रोस्कोप सगळं बरोबर उत्तर देतं, कारण रसायन तेच असतं. अतिनील टॉर्चखाली तो नैसर्गिक माणकाइतका, कधी त्याहूनही झगमगीत लाल चमकतो. म्हणून "टॉर्चखाली चमकतो, म्हणजे खाणीतला" हे बोलणं ऐकून घ्या आणि सोडून द्या. भिंगातून खडा भिजवून बघताना आत वाकड्या, एकाला एक समांतर जाणाऱ्या रेघा किंवा गोल बुडबुडे दिसले तर समजा की हा कारखान्यातला आहे. निसर्गात वाढलेल्या नीलमातले रंगाचे पट्टे सरळ असतात आणि षट्कोनाच्या कोनांत वळतात. डोळा इथे सगळं सांगू शकत नाही. महाग माल असेल तर प्रयोगशाळेत न्यावंच लागतं.

स्वस्तातली फसवणूक ओळखणं त्यामानाने सोपं आहे. क्वार्ट्‌झ तापवून एकदम थंड पाण्यात टाकतात, त्याला जाळीसारख्या भेगा पडतात आणि त्या भेगांत लाल किंवा हिरवा रंग भरतात. भिंगातून पाहिलं की रंग सगळा भेगांत साठलेला दिसतो आणि मधला भाग पांढरा राहतो. माणकाच्या फुटक्या रफमध्ये शिसं मिसळलेली काच भरण्याचा प्रकार २००४च्या सुमारास बाजारात पसरला. तो खडा हलवत पाहिला तर भेगांच्या पातळीवर निळसर चमक उठते आणि आत चपटे बुडबुडे दिसतात. असा खडा सोनाराच्या ज्योतीचा ताप सोसत नाही. हिरव्या काचेवर अभ्रक आणि माती चिकटवून केलेला "खाणीतला पाचू"ही फिरत असतो. तिथे घनतेच्या आधी नखाने माती खरवडून बघा आणि खाली षट्कोनी सपाट तोंडं आहेत का ते शोधा.

पाचूबद्दल अजून एक. भेगा तेलाने भरण्याची पद्धत इतकी जुनी आणि सर्वमान्य आहे की तेल लावलेला पाचू घेण्यात गैर काही नाही. फक्त ते कळून घ्यावं. रफ टिश्यूपेपरवर थोडा वेळ ठेवा आणि मग कागद बघा. तेलाचा डाग पडला तर त्या खड्यात डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा जास्त भेगा आहेत. डाग हिरवा असेल तर रंगही तेलाचाच आहे, तो खडा परत करा.

रंग: जाडी लक्षात ठेवा

माल दाखवणारा बहुधा टॉर्च खालून लावून दाखवतो. मागून उजेड आला की कोणताही खडा सुंदर दिसतो. पण अंगठीतल्या खड्यात उजेड वरून शिरतो, तळाच्या पैलूंवर आपटतो आणि परत वर येतो. म्हणजे रंगीत दगडातून त्याचा प्रवास जवळजवळ दुप्पट जाडीचा होतो. त्यामुळे टॉर्चसमोर छान वाईनसारखा लाल दिसणारा मोठा गार्नेट पैलू पाडल्यावर काळा पडतो. हे सतत घडतं आणि नवख्यांचे सर्वाधिक पैसे इथेच जातात.

करायचं असं. पांढऱ्या कागदावर खडा ठेवा, मागे दिवा नको, वरून दिवसाचा उजेड हवा. सकाळी नऊ ते अकरा, उत्तरेकडच्या खिडकीजवळ, ऊन थेट न पडेल अशी जागा चांगली. पिवळ्या बल्बखाली माणिक खुलतं आणि नीलम मंदावतो. दुकानातल्या रंगीत कागदाच्या अस्तराचाही खड्यावर परिणाम होतो. कागदावर खडा काळपट दिसला तर मोठा खडा काढण्याचा विचार सोडा. त्यातून चार-पाच मिलिमीटरचे छोटे खडे काढले तर मात्र तेच गार्नेट तेजस्वी लाल निघू शकतं. उलट फिकट अ‍ॅक्वामरीनला मोठा आकारच हवा. त्याचे छोटे खडे पाण्यासारखे रंगहीन दिसतात. तमिळनाडूतल्या करूर-कांगेयम भागातलं अ‍ॅक्वामरीन बघताना हा विचार सतत करावा लागतो.

दिशा बदलून बघणंही तितकंच गरजेचं. टूर्मलिनची कांडी बाजूने सुरेख हिरवी दिसते आणि टोकातून बघितली तर काळी. अशा वेळी खड्याचं वरचं तोंड कांडीच्या लांबीला समांतर ठेवावं लागतं आणि त्या बारीक कांडीतून अरुंद लांबटच खडा निघतो. गोल खड्याचं स्वप्न बघून ती घेऊ नका. नीलमात उलटं असतं: बऱ्याचदा चांगला निळा रंग पिंपाच्या टोकातून, लांबीच्या दिशेने बघताना दिसतो. तो रंग मिळवायचा तर पिंप आडवा कापावा लागतो आणि वजन जातं. लंकेच्या नीलमात अनेकदा रंग एका कोपऱ्यात ठिपक्यासारखा साठलेला असतो. हुशार कारागीर तो ठिपका खड्याच्या टोकात बरोबर खाली ठेवतो आणि वरून सगळा खडा निळा दिसतो. पण ठिपका रफच्या मधोमध किंवा वरच्या कडेला असेल तर तसं करता येत नाही. म्हणून रंग किती आहे याइतकंच तो कुठे आहे हे बघा.

रंगाचा आतला पसारा बघायला वाटीत लिक्विड पॅराफिन किंवा बेबी ऑइल घ्या आणि खडा बुडवा. वरची खरखरीत, धुरकट कातडी नाहीशी झाल्यासारखी होते आणि आतले पट्टे, ठिपके, डाग मोकळे दिसतात. विकणाऱ्याची परवानगी आधी विचारा. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानेही बरंच कळतं.

भेगा

खडा भिजवा आणि वाळताना त्याच्याकडे बघत राहा. पृष्ठभाग आधी सुकतो, भेगेतलं पाणी उशिरा सुकतं, त्यामुळे ज्या भेगा भिजल्यावर लपल्या होत्या त्या ओल्या रेघेसारख्या उठून दिसतात. विकणारा सतत खडा भिजवून दाखवत असेल तर कापडाने पुसून घ्या आणि थांबा. घाई करणाऱ्यासमोर थांबता येणं या कामात फार मोलाचं आहे.

सगळ्या भेगा सारख्या नसतात. कडेला असलेली भेग कापून टाकता येते, ती फक्त वजन खाते. मधून आरपार गेलेली भेग एका खड्याचे दोन खडे करते. टोपाझ, कुंझाइट, टांझानाइट यांना एका ठराविक पातळीत सरळ चिरण्याची सवय असते. त्यांच्या आत आरशासारखी सपाट, इंद्रधनुषी रंग दाखवणारी पातळी दिसली तर तिथे चिरण्याला सुरुवात झालेली आहे. साणेवर तो खडा फुटण्याची शक्यता मोठी, आणि पैलू पाडणारा त्याची जबाबदारी घेत नाही. बारीक रेशमासारखे तंतू मात्र नेहमी दोषच असतात असं नाही. ते दाट आणि नीट रांगेत असतील तर त्यातून पैलू न पाडता घुमटासारखा घासलेला, तारा दाखवणारा खडा निघू शकतो. दक्षिण भारतातल्या तारा माणकांची सगळी गंमत या रेशमातच आहे.

आकार आणि उतारा (रफमधून हाती येणारं तयार वजन)

पैलू पाडलेल्या गोल खड्याची खोली त्याच्या रुंदीच्या साधारण ६० ते ७० टक्के असते. हे एक प्रमाण पाठ असलं की कॅलिपरने लगेच हिशोब होतो. १० मिलिमीटर रुंद पण ३ मिलिमीटर जाड असा चपटा तुकडा हातात मोठा भरतो. घासण्यात अर्धा मिलिमीटर गेला तर खोलीला उरतात अडीच, म्हणजे त्यातून जेमतेम ४ मिलिमीटरचा खडा निघेल. फार तर शेजारी शेजारी दोन-तीन. ठोकळ्यासारखा, सगळीकडून साधारण सारखा तुकडा वजनाने कमी असला तरी जास्त देतो.

धडधाकट, भरीव आकाराच्या रफमधून २५ ते ३५ टक्के वजन हाती येतं, वेड्यावाकड्या किंवा चपट्या मालातून १० ते २०. कॅबोशॉन, म्हणजे घुमटाकार खडा काढायचा असेल तर उतारा वाढतो. सुरुवातीला तुमचा अंदाज नेहमी जास्तीचा निघेल. यावर उपाय एकच: स्वस्त गार्नेट किंवा अ‍ॅमेथिस्टचा छोटा लॉट घ्या, प्रत्येक तुकड्याचं वजन आणि तुमचा अंदाज वहीत लिहा, तो पैलू पाडायला द्या आणि परत आल्यावर तयार वजन समोर लिहा. ही वही भरल्याशिवाय माणिक-पाचूच्या रफकडे वळू नका, असं मी मनापासून सांगेन.

लॉटचा हिशोब

रफ सहसा एकेक मिळत नाही, लॉट घ्यावा लागतो. आणि तो लॉट तुमच्यापर्यंत येण्याआधी खाणीवर, व्यापाऱ्याकडे, दलालाकडे चाळला गेलेला असतो. वरचा माल वरच्या वरच गेलेला असतो. त्यामुळे पुडी उघडली की वर ठेवलेले चार सुंदर तुकडे बाजूला करा आणि उरलेला ढीग बघा. ढीग पांढऱ्या कागदावर पसरून तीन भाग पाडा: चांगला, मध्यम, टाकाऊ. वजन वेगवेगळं करा.

समजा १०० ग्रॅम गार्नेटचा लॉट आहे आणि भाव सांगितलाय ३०० रुपये ग्रॅम, म्हणजे ३०,००० रुपये. निवडल्यावर ४० ग्रॅम चांगला, ३५ ग्रॅम मध्यम, २५ ग्रॅम टाकाऊ निघाला. एका ग्रॅमचे ५ कॅरेट. चांगल्या ४० ग्रॅमचे २०० कॅरेट, २५ टक्के उताऱ्याने ५० कॅरेट तयार माल. मध्यम ३५ ग्रॅमचे १७५ कॅरेट, १५ टक्क्यांनी सुमारे २६. तयार चांगला माल ७०० रुपये कॅरेटने आणि मध्यम २०० रुपयांनी विकला जाईल असं धरलं तर ३५,००० आणि ५,२००, मिळून ४०,२००. पैलू पाडायची मजुरी तयार कॅरेटला १०० रुपये धरली तर ७६ कॅरेटचे ७,६००. म्हणजे खर्च ३७,६०० आणि हाती उरतात २,६०० रुपये, तेही एकही खडा न फुटता आणि सगळा माल विकला गेला तर. हा लॉट या भावात घ्यायचा नाही. २०० रुपये ग्रॅमने मिळाला तर १२,६०० उरतात, तिथे विचार करता येईल. इथले भाव उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावातला तयार मालाचा भाव आणि कारागिराची मजुरी खरेदीला निघण्याआधी विचारून ठेवा, कारण संपूर्ण गणित त्या दोन आकड्यांवर उभं आहे. स्वतःच्या अंगठीसाठी किंवा छंद म्हणून एखादाच खडा घेत असाल तरी हेच गणित करा, नफ्याच्या जागी "तयार खडा थेट घेतला असता तर किती लागले असते" हा आकडा ठेवा. खूपदा तयार खडा घेणंच स्वस्त पडतं.

बाजारात

जयपूरच्या जोहरी बाजारात, गोपालजी का रास्ता आणि हल्दियों का रास्ता या गल्ल्यांमध्ये दलाल आणि व्यापारी पुड्या घेऊन बसतात. राजस्थानची गार्नेट, ओडिशाचा लसण्या (कॅट्स आय), झांबियाचा पाचू, आफ्रिकेतली टूर्मलिन असं सगळं तिथून फिरतं. पहिल्या भेटीत काही घेऊ नका. चार ठिकाणी तोच माल बघा, भाव ऐका, वहीत लिहा. व्यापाऱ्याला आधी तुमच्या तोंडून आकडा हवा असतो. स्वतःचा हिशोब पूर्ण होईपर्यंत आकडा बोलू नका, कारण बोललेल्या भावाला समोरच्याने होकार दिला तर मागे फिरणं तिथे फार वाईट दिसतं.

भाव कशावर बोलला जातोय ते दरवेळी स्पष्ट विचारा. जोहऱ्यांची रत्ती साधारण ०.९१ कॅरेट म्हणजे ०.१८२ ग्रॅम, तर सोन्याच्या तोळ्याशी जोडलेली रत्ती ०.१२ ग्रॅमच्या आसपास. रत्तीला ५०० रुपये म्हणजे कॅरेटला सुमारे ५५०. राशीचा खडा घेणारे बरेच जण इथे गोंधळतात. वजन शक्यतो तुमच्याच काट्यावर करा.

परदेशातून रफ आणायचा विचार असेल तर आधी तिथला कायदा बघा. श्रीलंका, टांझानिया अशा देशांत कच्चा माल बाहेर नेण्यावर कडक बंधनं आहेत आणि "सुटकेसमध्ये टाका, कोणी बघत नाही" असं सांगणारा माणूस विमानतळावर तुमच्यासोबत उभा नसतो.

मोठी रक्कम गुंतत असेल तर सौदा प्रयोगशाळेच्या अहवालावर ठेवा. जयपूरची आयआयजीजे रिसर्च अँड लॅबोरेटरीज सेंटर (आधीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) आणि मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या जुन्या, नावाजलेल्या संस्था आहेत. पक्कं बिल घ्या आणि त्यावर खड्याची जात, वजन ग्रॅममध्ये, "नैसर्गिक" हा शब्द आणि काही प्रक्रिया झाली असेल तर तीही लिहून घ्या. तपासणीत वेगळं निघालं तर माल किती दिवसांत परत घेणार, हे त्याच बिलावर व्यापाऱ्याच्या हस्ताक्षरात असू द्या. पुडी तुमच्यासमोर बंद होऊ द्या आणि कडेवर दोघांनी सही करा.